प्युल, मो, नेर

मास्तरांची खोली म्हणजे कपाटच. भिंतींना फोम, दाराला घोंगडी, मध्ये स्टूल आणि माईक. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या बाई. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी मास्तर शब्द वाचायचे आणि बाई ते साठवायच्या, याला एकोणीस वर्षं झाली. यंदा फ्रेंच वैद्यकीय कोश हाती होता. पद्धत ठरलेली: शब्द आधी तोडून वाचायचा, मग सबंध, एका दमात. तुकडे चिकटवून केलेला शब्द बाद. हा नियम मास्तरांचाच. त्यापायी त्यांनी सोबतचे दोन चांगले वाचक घरी बसवले होते.

सहा महिने झाले, खोकल्यानं छातीत ठाण मांडलं होतं. सकाळी बायकोनं विचारलंच, "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते सांगाल का कधी?"

"म्हणाले, आवाज अजून छान आहे."

आज कागदावर आला ‘प्युल्मोनेर’. म्हणजे फुप्फुसाचा.

"प्युल. मो. नेर." पहिल्या तुकड्याला ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची. शेवटचा ‘र’ थेट घशातून खरवडून काढायचा. तुकडे खणखणीत आले. मग सबंध शब्द. ‘प्युल्मो’पर्यंत गाडी नीट गेली, ‘र’नं घसा खरवडला आणि खोकल्यानं जे धरलं ते सोडीना.

"पाणी घ्या, मास्तर."

"पाणी पिऊन पोट भरलं. परत लावा."

आठ वेळा लावलं. मग बाई मान खाली घालून बराच वेळ बटणांशी खुटखुटत राहिल्या.

"जमलं. चला पुढे."

"ऐकवा."

बाईंनी नाखुशीनं ऐकवलं. शब्द सबंध होता, पण ‘मो’नंतर केसाएवढा सांधा होता.

"कुणाच्या बापाला कळणार नाही," बाई म्हणाल्या. "कोश पुरा करायचाय ना तुम्हाला?"

"करायचाय हो. फार करायचाय."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. त्या दोन वाचकांच्या नावांवर मारली होती तशीच फुली वाचकाच्या रकान्यात आपल्या नावावर मारली. "नवा माणूस बघा. घशातला ‘र’ येतो का, ते आधी तपासा."

घरी बायको म्हणाली, "आज लवकर?"

त्यांनी चपला काढल्या, खिशातला डॉक्टरांचा कागद तिच्यापुढे धरला.

"मला काय कळतंय यातलं? तुम्हीच वाचा."

मास्तर खुर्चीत बसले आणि वाचू लागले. तोडून तोडून.