मादागास्करचा कोंब

कोंब ओढला आणि तो सरळ माझ्या हातात आला. जोर लावावाच लागला नाही. खालच्या टोकाला काळा चिखल आणि नासक्या भाजीचा वास. मी तो पटकन पाठीमागे लपवला, कारण समोरच्या खिडकीतून बस्त्याव सर माझ्याकडेच बघत होते.

कोंब म्हणजे काय ते आधी सांगते. आंब्याची फांदी मोडली तर शेजारून नवी फुटते. नारळ, सुपारी, ताड या पामच्या जातीचं तसं नसतं. त्यांना वाढायची जागा एकच, पानांच्या मधोमध, आत दडलेली. तिथून मिटलेल्या छत्रीसारखं नवं पान वर येतं, तो कोंब. ती जागा मेली की झाड संपलं. बाहेरची पानं मात्र पुढे कितीतरी महिने हिरवीगार राहतात आणि येणारे जाणारे झाडाचं कौतुक करत राहतात. म्हणून आम्ही पाम तपासायला गेलो की पानांवर जात नाही, कोंब हलकेच ओढून बघतो. घट्ट असला तर जीव आहे.

मी आजारी झाडं बघते. कृषीची पदवी घेतली, लग्न करून साताऱ्याहून विरारच्या फ्लॅटमध्ये आले आणि पदवी वाया जाऊ नये म्हणून हा धंदा धरला. सोसायट्या, बंगले, कळंबचे कॉटेजवाले हे माझे क्लायंट. बहुतेकांची झाडं जास्त पाण्याने मेलेली असतात आणि ते त्यांना पटत नाही. त्यांना औषध हवं असतं, तेही कालपासून लागू पडणारं.

निर्मळचे बस्त्याव सर त्यातले नव्हते. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवून रिटायर झालेले. घरामागच्या केळीच्या वाडीत त्यांनी देशोदेशीचे दुर्मीळ पाम लावले होते. बिया कुठून कुठून मागवायचे, उगवायची वाट बघत बसायचे. "जन्मभर पोरांकडून नकाशे भरून घेतले, स्वतः कुठे गेलो नाही," म्हणायचे. "म्हटलं, आता देशांनाच घरी बोलावू." झाडांची लांबलचक शास्त्रीय नावं त्यांना पाठ होती, पण बोलताना फक्त देश. क्यूबाला खवले कीड लागली. फिजीला सावली कमी पडते.

सगळ्यात लाडका मादागास्कर. बी पेरून वर्ष उलटलं तरी कुंडीत काही दिसेना. त्यांच्या बायको, रेजिनाबाई, म्हणाल्या, कुंडी रिकामी करा, मला कोथिंबीर लावायची आहे. सरांनी कुंडी पलंगाखाली नेऊन ठेवली आणि तिथे तो उगवला. दिसायला थेट नारळाचं रोप, फक्त पानाची पाठ पांढरट. पुढे अंगणात माणसाच्या उंचीचा झाला, पण खोड अजून जमिनीतच होतं. वसई तालुक्यात असा दुसरा माझ्या तरी पाहण्यात नाही.

सरांना पोटाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यांनी पलंग खिडकीशी लावून घेतला, मादागास्कर दिसेल असा. जुलैत त्यांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"मॅडम, नवीन पान उघडत नाही. भुंगा असेल. येऊन जाता का?"

गेंड्या भुंगा हा नारळाचा जुना शत्रू. कोंबात भोक पाडतो आणि चघळलेल्या उसासारखा चोथा बाहेर टाकतो. हातात आलेल्या कोंबाला भोक नव्हतं, चोथा नव्हता. मी टॉर्च लावून देठांच्या मध्ये पाहिलं. आत, अगदी तळाशी, कोयत्याचा स्वच्छ तिरका घाव होता. त्यात पावसाचं पाणी साचून कूज धरली होती.

रेजिनाबाई माझ्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या.

"बाई, इथे कोणी कोयता चालवला?"

"मी," त्या म्हणाल्या.

त्यांच्याकडे ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार असतो. माडाचा कोवळा पिवळा पात चर्चमध्ये नेतात, फादर त्याला आशीर्वाद देतात. घरी त्याचा क्रॉस विणून तो वर्षभर भिंतीला लावतात. दरवर्षी पात सर काढायचे.

"यंदा माडावर चढणारा मिळाला नाही. विकत आणला असता," रेजिनाबाई सांगत होत्या. "पण म्हटलं, ह्यांना चर्चला जाता येत नाही, तर ह्यांचं झाड तरी जाऊ दे. माडाचा पात दरवर्षी काढतात, माडाला काय होतं? पिवळाधमक पाहिजे होता, म्हणून मी आतपर्यंत हात घातला."

उंच माडाचा पात वरून छाटतात, आतला जीव खाली सुरक्षित राहतो. या बुटक्या झाडात कोयता थेट जिवापर्यंत गेला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"जगेल?"

"नाही."

"औषध?"

"आता नाही, बाई."

त्यांच्या हातातली छत्री खाली आली. आम्ही दोघी भिजत उभ्या राहिलो. मग त्या म्हणाल्या, "झाड मेलं ते सांगा. पण मी मारलं हे नका सांगू. तेवढं घेऊन त्यांना जायला नको."

मी खोटं निदान देत नाही. या गोष्टीवरून एका बिल्डरचं मोठं काम सोडलं आहे. तरी मी मान हलवली आणि आत गेले.

सरांनी रेजिनाबाईंना चहा करायला पाठवलं. त्या आत गेल्यावर हळूच म्हणाले, "हातात आला ना? पाठीमागे लपवलात तेव्हाच कळलं."

"हो सर."

त्यांनी पलंगाच्या वरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे विणलेला क्रॉस होता.

"माडाच्या पाताची पाठ अशी पांढरी नसते, मॅडम."

मी म्हटलं, "सर, त्याच रविवारी फोन केला असता तर! पावसाला वेळ होता. घाव साफ करून फंगिसाइड दिलं असतं, वर आडोसा केला असता. कदाचित वाचला असता."

"माहीत आहे. पण तुम्ही आल्या आल्या पहिलं काय विचारलं असतं? कोणी कापलं, हेच ना?" ते दम घेत थांबले. "तिने क्रॉस माझ्या हातात दिला, तेव्हा तिचा चेहरा तुम्ही पाहिला नाही. डॉक्टरांनी सांगितल्यापासून पहिल्यांदा हसली होती ती."

मग म्हणाले, "आता रोज सकाळी झाडाशी जाऊन डोळे पुसून येते. तिच्यासमोर मला सांगा, भुंगा आहे. मी मानलं, हे तिला दिसू दे."

रेजिनाबाई चहा घेऊन आल्या. मी सरांकडे वळले.

"भुंगाच आहे, सर. गेंड्या. आत गेलाय, आता इलाज नाही."

"तरी मी म्हणत होतो," सर म्हणाले आणि बशीत चहा ओतायला लागले. रेजिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

सर सप्टेंबरात गेले. मातीला खूप माणसं आली होती. अंगणात उभी राहून म्हणत होती, सर गेले, पण झाड बघा कसं हिरवंगार आहे.

फेब्रुवारीत रेजिनाबाईंनी वाळलेला पाम काढायला बोलावलं. राखेचा बुधवार जवळ आला होता. त्यांच्याकडे जुने क्रॉस चर्चमध्ये परत देतात, ते जाळून त्या दिवशी कपाळाला राख लावतात.

"आमच्या घरून यंदा काही गेलं नाही," त्या म्हणाल्या. "तो क्रॉस मी शवपेटीत ह्यांच्या हातात दिला होता. बरोबर गेला." मग उखडलेल्या मुळांकडे बघत म्हणाल्या, "एक मात्र बरं झालं. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"हो," मी म्हटलं.

तेव्हापासून प्रत्येक क्लायंटला बजावते. पामच्या कोंबाला कोयता लावू नका. चुकून लागलाच, तर त्याच दिवशी फोन करा. कोणी कापला, हे मी विचारत नाही.