पादुकांखालची तिसरी चिठ्ठी

दत्तमहाराजांवर रुसण्याचा आपल्याला हक्क आहे, असं मी लहानपणापासून धरून चालले आहे. त्या वर्षी तो हक्क मी पुरेपूर वापरला. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात मला नर्स म्हणून सोळा वर्षं झाली होती, आणि वॉर्डात पाऊल टाकलं की माझे हात थरथरायला लागायचे. आम्हा नर्सांची एक रीत असते. पाळी संपली की पुढच्या नर्सला खाटेखाटेवरच्या पेशंटची हकीकत सांगायची. तिने ती ऐकून घेतली की आपली जबाबदारी संपली. याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. मी सोळा वर्षं रोज ओव्हर देत होते, पण खरं सांगायचं तर सोडत कधीच नव्हते. घरी कुकर लावतानाही बारा नंबरचं सलाईन डोक्यात ठिबकत असायचं, आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून वॉर्डात फोन करून मी सगळ्यांना वैताग द्यायचे.

मग एका दुपारी एका म्हातारीचं इंजेक्शन मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला द्यायला निघाले. तिने हात मागे घेतला आणि हसून म्हणाली, “बेटी, मेरा तो सुबह ही हो गया.” अनर्थ टळला. पण बाथरूमची कडी लावून मी अशी रडले, की बाहेरच्या आयाबाई घाबरल्या.

“अगं, सोड ना ती नोकरी,” आमचे हे म्हणाले. “नर्सला काय खाटेशीच उभं राहावं लागतं? गुडगावला रोज नवी कंपनी निघतेय. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या टेप ऐकून टाईप करायला नर्सच हव्यात म्हणे. बसून काम, एसीत.” त्यांचं म्हणणं पटत होतं, पण गळी उतरत नव्हतं. साताऱ्याला मी नर्सिंग पास झाले तेव्हा आईने माझं सर्टिफिकेट महाराजांच्या पादुकांपुढे ठेवलं होतं आणि म्हटलं होतं, “ही आता तुमच्या सेवेची.” आई गेली. तिने दिलेला शब्द मी कसा मोडायचा? मोडला नाही, तर पुढच्या वेळी हात मागे घेणारी बाई भेटेलच असं कुठे होतं?

शेवटी मी घरच्या देवघरातल्या पादुकांपुढे चिठ्ठ्या टाकल्या. एकीवर ‘राहा’, दुसरीवर ‘सोड’. डोळे मिटून उचलली, ‘सोड’ निघाली. आता श्रद्धाळू माणसाने नमस्कार करून उठावं की नाही? पण औषधाचं लेबल तीनदा वाचायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये बोलणी खाऊन खाऊन शिकवलेलं. मी पुन्हा उचलली. ‘राहा’ निघाली. हे दारातून बघत होते. “महाराज म्हणजे काय औषधाची बाटली आहेत?” म्हणाले. मी चिडून तिसरी उचलली खरी, पण उघडायचा धीर होईना. मुठीतली तशीच घडीची पादुकांखाली सारली, उरलेली न बघता निर्माल्यात टाकली, आणि महाराजांशी बोलणं बंद केलं.

पुढच्या गुरुवारी त्या टाईपच्या कामाच्या मुलाखतीसाठी गुडगावला निघाले. उपास होता, पिशवीत साबुदाण्याची खिचडी होती. कंडक्टरने भलत्याच वळणावर उतरवलं. चहूकडे अर्धवट उभे टॉवर, मधूनच मोहरीचं शेत, विचारायला माणूस नाही. अर्धा तास चालून एका नव्या सोसायटीत शिरले आणि तळमजल्यावरच्या पहिल्या दाराची बेल वाजवून पाणी मागितलं. दार उघडलं सत्तरीच्या एका सरदारणीने. पाणी पिता पिता आतून एक वास आला. सोळा वर्षांचा ओळखीचा, पाठीला जखमा झालेल्या माणसाचा. मी मनाने राजीनामा दिला होता, पण नाक कुठे राजीनामा देतं!

आत त्यांचे यजमान लकव्याने पडून होते. मुलं परदेशात. जवळच्या गावातली सुनीता नावाची मुलगी सांभाळायला होती. जीव लावून करत होती, पण तिला शिकवलं कुणी होतं? मी पदर खोचला. चादर दुमडून एकट्या बाईला धिप्पाड माणूस कुशीवर कसा वळवता येतो ते दाखवलं, जखम धुतली, मग तिच्याकडून दोनदा करून घेतलं. हात थरथरत नाहीयेत, हे बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं. बीजी, म्हणजे त्या आजीबाई, दाराशी डोळे पुसत म्हणाल्या, “आज सुबह ही वाहेगुरु से अरदास की थी, कोई आ जाए जो इन्हें करवट देना जानता हो.”

चार वाजता संध्याकाळच्या पाळीची दुसरी मुलगी आली आणि सुनीता ओढणी घेऊन निघाली. मी तिला थांबवलं. “ऐसे नहीं जाते. पहले इसको ओव्हर दो. क्या खाया, कब करवट दी, ज़ख़्म कैसा है.” तिने अडखळत सांगितलं, दुसरीने ऐकलं. मी बीजींना म्हटलं, आता तुम्ही जरा पडा. त्या म्हणाल्या, “मैं न देखूँ तो कौन देखेगा?” हेच वाक्य मी रोज आमच्या ह्यांना ऐकवत होते. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. आईचा शब्द, चिठ्ठ्या, सगळं. त्या खो-खो हसल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “पुत्तर, चौबीस घंटे की ड्यूटी तो वाहेगुरु की है. तेरी तो आठ की थी.” एवढं मला सांगून स्वतः खुर्चीतच झोपून गेल्या.

मुलाखत अर्थातच हुकली. मी तिथेच बसून खिचडी खाल्ली. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले, तर त्याच इमारतीतल्या आणखी दोन घरांनी आजारी माणसं सांभाळणाऱ्या आपापल्या मुली शिकायला पाठवल्या. वर्षाच्या आत मी इस्पितळ सोडलं आणि सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये माझा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी आधी ओव्हर द्यायला शिकवते, कुशीवर वळवायला नंतर.

बाबूजी, म्हणजे बीजींचे यजमान, पुढच्या थंडीत गेले. मी पोचले तेव्हा सुनीता दारातच उभी होती. रडत होती, पण तिने रीतसर ओव्हर दिला. “दीदी, बाबूजी शांती से गए. पीठ बिल्कुल साफ़ थी. बीजी सो रही हैं, मैंने जगाया नहीं.” त्या मुलीला मी पोटाशी धरलं. सोळा वर्षांत मला असा ओव्हर कुणी दिला नव्हता.

त्या संध्याकाळी अबोला सोडून महाराजांपुढे दिवा लावला आणि बाबूजींपासून बीजींपर्यंत सगळ्यांची हकीकत त्यांना सांगितली. तेव्हापासून रोज सांगते, आणि मग खरोखर उठून भाजी चिरायला बसते. पादुका पुसताना ती चिठ्ठी हाताला लागते. हे अजून चिडवतात, “बघ की एकदा, काय निघालं होतं ते.” प्रत्येक लेबल तीनदा वाचणारी मी, चिठ्ठी पुसून होती तिथे ठेवते. ती मी अजून उघडलेली नाही.