लंडनला विचारून सांगतो

बातमीदाराकडे छापलेल्यापेक्षा न छापलेलंच जास्त साठतं. सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या विलायती कंपनीचे किस्से माझ्याकडे असेच साठले. संपादकांना सांगितले, की ते म्हणायचे, "अहो, त्यांची जाहिरात येते!"

*

कारखान्याचे मॅनेजर देशपांडे मूळचे वाईचे. पण खिळा ठोकायचा तरी लंडनच्या मालक कंपनीला तार!

खंडेनवमीला कामगारांनी यंत्रं पुजली. आठवड्याने लंडनहून तपासनीस साहेब आला. पत्रा दाबायच्या प्रेसवर लाल ठिपके बघून त्याने शेरा मारला, "गंज!"

फोरमन मारुती हवालदार, फौजेतून निवृत्त, कोरेगावकडचा. तो देशपांड्यांना म्हणाला, "आवं साहेब, त्येला सांगा की, कुक्कू हाय!"

देशपांडे कुजबुजले, "लंडनचा शेरा खोडता येत नाही."

सगळी यंत्रं घासून काढली. कुंकवाचा गंज!

*

मग परदेशी भांडवलावर मर्यादा घालणारा कायदा आला. पाटीवर 'इंडिया' चढलं. विश्रामबागेत पत्रकारांना चहापान झालं. मी उठून विचारलं, "म्हणजे आता कंपनी भारतीय झाली?"

"झाली की!" देशपांडे हसले. मग म्हणाले, "पण थांबा, तसं छापायचं का, ते लंडनला विचारून सांगतो."

*

त्या प्रेसवर पांडुरंग काम करायचा. हलगी वाजवण्यात पंचक्रोशीत त्याचं नाव. प्रेसला पुढं जाळी नव्हती, हात आत जायची भीती. हवालदाराने पत्र्याची जाळी करून बसवली.

तपासनीस साहेबाने ती काढायला लावली. का? तर लंडनहून आलेल्या यंत्राच्या नकाशात जाळी नाही!

हवालदार भडकला, "लढाईत डोस्क्यावर हेल्मेट घालाया आमी लंडनला इचारत न्हवतो!"

देशपांडे म्हणाले, "मंजुरी मागवलीय."

*

मंजुरी आली नाही. पांडुरंगचा हात प्रेसखाली गेला.

विजेच्या टंचाईमुळे वसाहतीची सुट्टी सोमवारी, म्हणून रविवारी कारखाना चालू होता. कळताच मी दवाखान्यात धावलो. पांडुरंग शुद्धीत होता. हवालदार त्याच्या उशाशी बसून म्हणत होता, "घाबरू नगंस गड्या."

डॉक्टर बाहेर आले. देशपांड्यांना म्हणाले, "पुण्याहून सर्जन आत्ता निघाले, तर पंजा वाचेल. नाहीतर मनगटापासून काढावा लागेल. खर्चाला कंपनीचा होकार द्या, मी फोन लावतो."

देशपांड्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आज रविवार आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "लंडन बंद असतं."