सातची गाडी

माझा धाकटा भाऊ एलवूड क्रात्झ दहा वर्षं पेन्सिल्वेनियातल्या फुटकळ संघांकडून बेसबॉल खेळला. उन्हाळाभर चेंडू टाकायचा, हिवाळाभर वीटभट्टीवर राबायचा. बावन्न सालच्या ऑगस्टात त्याला मोठ्या संघाचं बोलावणं आलं, कारण तिथल्या चेंडू टाकणाऱ्या दोघांचे खांदे धरले होते. मॅनेजर टिबेट म्हणाला, "एक सामना बघतो. जमलं तर ठेवीन, नाही तर घरी." एलवूड तेव्हा एकतीस वर्षांचा होता. परत कोणी विचारणार नाही, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

मी हॅमची सँडविचेस बांधून घेतली आणि बसने गेले. जागा मिळाली ती एलवूडच्या संघाच्या बाकाच्या अगदी मागे. सामना कसला, नुसती कत्तल! अर्धा खेळ होईतो समोरच्यांच्या चौदा धावा झाल्या आणि आमची एकच. लोक उठून चालायला लागले. मग टिबेटने एलवूडला धाडलं.

त्याचा वळणारा चेंडू बॅटजवळ आला की पायरी चुकलेल्या माणसासारखा धपकन खाली जायचा. ओळीने तिघं बाद! उठलेले लोक परत बसले. मी तर ओरडून घसा बसवून घेतला.

तो बाकावर आला तशी टिबेटने त्याच्या दंडाला धरलं. मी दोन हातांवर होते, सगळं ऐकलं.

"ते वाकडेतिकडे चेंडू बास झाले. हरलोच आहोत. सरळ टाक, मारू देत, लवकर उरक. सातची गाडी गाठायची आहे."

"साहेब, पण वळणारा चेंडू तर..."

"ऐकतोस की घरी जातोस?"

आमच्याकडे बेसबॉलात रीतच आहे, हरलेला सामना लांबवायचा नाही आणि मॅनेजरपुढे तोंड उघडायचं नाही. एलवूडने सरळ टाकले. त्यांनी धू धू धुतलं. बावीस विरुद्ध एक! टिबेट मेला हाताची घडी घालून घड्याळ बघत होता. मुडदा बशिवला त्याचा!

एलवूडला पोचवायला मी स्टेशनावर गेले, तिथे कळलं, गाडी दीड तास उशिरा आहे. सगळा संघ फलाटावर पत्ते कुटत बसला. तिथेच टिबेट आला आणि म्हणाला, "क्रात्झ, तू गाडीत चढू नकोस. इतका मार खाणारा माणूस मला नको."

एलवूडने मान हलवली. मी टिबेटच्या अंगावर धावणारच होते, पण एलवूडने माझा हात घट्ट धरला.

"अरे, सांग ना त्याला, तूच सरळ टाकायला लावलंस म्हणून!"

"चारचौघांत मॅनेजरला खोटं पाडू, ताई? गप बस."

"त्याने तुला मातीत घातलं आणि तू त्याची अब्रू राखतोस?"

घरी परतताना बसमध्ये सँडविचेस तशीच राहिली.

पुढे तो कायमचा भट्टीवर. जेवणाच्या सुट्टीत भट्टीवरचे लोक फळकुटं घेऊन उभे राहायचे, म्हणायचे, "क्रात्झ, टाक तो तुझा चेंडू." पन्नाशीतही तो असा वळवायचा की एकाच्याही फळकुटाला लागायचा नाही. एकदा मी त्याचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा फोरमनने विचारलं, "हे येत होतं, तर त्या दिवशी का नाही टाकलंस?"

एलवूडने हाताची वीटधूळ पँटला पुसली.

"त्यांची गाडी चुकली असती," म्हणाला.