'आखाड्यातून'चा लेखक

पुना झिपरू कोळी आमच्या जळगावच्या दैनिकात कंपोझिटर होता. शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, पट्टीवर उलटे जुळवायचे, ओळीला ओळ लावायची, हे त्याचं काम. तो मूळचा शिरपूरकडचा, तापीकाठच्या एका गावचा. तरुणपणी कुस्ती खेळायचा. एका यात्रेत गुडघा निखळला आणि कुस्ती संपली. गावच्या एका मास्तरांनी त्याला धुळ्याच्या छापखान्यात चिकटवलं, तिथून तो आमच्याकडे आला. कान पैलवानाचे, चेचून बसलेले. बोटं इतकी जाड, की एवढे बारीक खिळे ती उचलतात तरी कशी, असं नव्या माणसाला वाटायचं. वयानं तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तरी आम्ही संपादकीय विभागातले सगळे त्याला 'पुना' म्हणायचो आणि तो आम्हा सगळ्यांना 'भाऊ'.

मी १९८४ साली उपसंपादक म्हणून लागलो. खेळाचं पान माझ्याकडे होतं. पान कसलं, अर्धं पान. वृत्तसंस्थेच्या तारेवर आलेलं क्रिकेट मराठीत करायचं आणि खाली शाळांच्या कबड्डीचे निकाल टाकायचे. आम्ही सातजण त्या खोलीत बसायचो. सातही पदवीधर, सातही शहरातले, त्यातले चार तर एकाच शाळेचे. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पुढच्या वर्षी माघात अमळनेरजवळच्या एका गावी मोठी दंगल झाली, म्हणजे कुस्त्यांचा फड. आमच्या वार्ताहरानं कळवलेल्या बातमीत जिंकणारा आणि हरणारा यांची अदलाबदल झाली होती. सोमवारी दुपारी पुनानं ती कंपोझ करायला घेतली आणि कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"भाऊ, हाई खोटं शे. मी तठेच व्हतो."

"मग खरं काय झालं?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. हातांनी पकड दाखवत, मोडका गुडघा वाकवत. आजूबाजूची कामं थांबली. संपल्यावर मी म्हटलं, "हेच लिहून दे."

"लिव्हता येत नही भाऊ," तो हसून म्हणाला, "जुळाडता येस."

आणि तो आपल्या जागी गेला. पुढ्यात कागद नाही, काही नाही. केसमधले, म्हणजे खणांच्या लाकडी पेटीतले खिळे उचलत त्यानं सरळ शिशातच मजकूर उभा केला. तासाभरानं ओल्या शाईचं प्रूफ माझ्यासमोर आलं. त्यातल्या, जिंकलेल्या वना पैलवानाबद्दलच्या चार ओळी मला अजून पाठ आहेत.

"वनाने पायांत शिरून पट काढला तेव्हा लोक ओरडले. पण कुस्ती तेव्हा झाली नाही. कुस्ती आधीच झाली होती. हात मिळवताना समोरच्याची नजर खाली, वनाच्या पायाकडे गेली. ज्याची नजर आधी खाली जाते, तो स्वतःही मागून खाली जातो."

मी दोन-तीन ठिकाणी व्याकरण सारखं केलं आणि मजकूर सोडला. त्या आठवड्यात खेडोपाडीहून चाळीसेक पोस्टकार्डं आली. संपादक नाना खूश झाले. दर मंगळवारी 'आखाड्यातून' नावाचं सदर सुरू झालं. खाली नाव मात्र टाकलं नाही. 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच. कंपोझिटरचं नाव सदराला कसं द्यायचं, असं नाना म्हणाले आणि मी मान डोलावली. पुनानं कधी विचारलं नाही.

सहा वर्षं ते सदर चाललं. सुट्टीच्या दिवशी तो एसटीनं यात्रा-जत्रा पालथ्या घालायचा. चाळीसगाव, पारोळा, साक्री, थेट नवापूरपर्यंत. कबड्डीवर लिहायचा, बैलगाड्यांच्या शर्यतीवर लिहायचा. एकदा शिंदखेड्याच्या मुलींच्या खो-खो संघावर त्यानं असं लिहिलं, की पुढच्या महिन्यात त्यांना कुणीतरी बूट घेऊन दिले. माझं काम, त्यात मधेमधे येणारी अहिराणी प्रमाण मराठीत आणायचं. तो प्रूफ वाचायचा आणि कधीकधी म्हणायचा, "वाक्य सरळ झालं भाऊ, पण पैलवान बसून गेला त्यात." मी हसायचो. तो बरोबर बोलायचा, हे मला कळायचं.

आता जी गोष्ट सांगतोय, ती सांगायला जड जाते. सदर गाजू लागलं तसं लोक माझं अभिनंदन करू लागले. खेळाचं पान माझं, म्हणजे सदरही माझंच, असं ते धरून चालले. पहिल्यांदा मी 'नाही नाही' म्हटलं असेल. मग नुसता हसू लागलो. १९८८ साली धुळ्याच्या एका क्रीडा मंडळानं 'आखाड्यातून'च्या लेखकाचा सत्कार ठेवला. शाल आणि नारळ मी घेतला. दैनिकाच्या वतीनं घेतोय, असं मनाशी म्हणालो. व्यासपीठावरून मात्र तसं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुनानं त्या सत्काराची बातमी स्वतःच्या हातांनी कंपोझ केली. मी दिवसभर त्याच्या केसकडे फिरकलो नाही.

१९९१ साली आमचे मालक रतिलालशेठ यांनी ऑफसेट मशीन आणलं आणि धुळ्याची आवृत्ती काढायचं ठरवलं. खेळाला पूर्ण पान मिळणार होतं आणि त्यासाठी स्वतंत्र क्रीडा स्तंभलेखक नेमायचा होता. जाहिरात मी लिहिली. पदवीधर, इंग्रजीचं उत्तम ज्ञान, शुद्ध लेखन. हे सगळं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच हातून सवयीनं आलं. जाहिरात जुळवायला पुनाकडे गेली. दुपारी तो माझ्याकडे आला.

"भाऊ, याच्यात माझा अर्ज बसंल का?"

मी क्षणभर गडबडलो. "टाक ना," म्हटलं. "टाकायला काय हरकत आहे?"

पिंप्राळ्यातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत बसून त्यानं सहा वर्षांची कात्रणं एका वहीत चिकटवली. बायको मंजुळाबाईनं वहीला खाकी कव्हर घातलं. मुलाखतीच्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला. रतिलालशेठ, नाना आणि मी असे तिघं बसलो होतो.

नानांनी विचारलं, "क्रिकेटमध्ये सिली पॉइंट कुठे असतो?"

"माहीत नाही साहेब. शिकून घेईन."

रतिलालशेठ म्हणाले, "तिकडे कलेक्टरला भेटावं लागेल, क्लबच्या लोकांत बसावं लागेल. अशा बोलण्यानं कसं निभेल?"

 पुना शांतपणे म्हणाला, "कलेक्टरसाहेबांशी जपून बोलेन शेठ. पण पैलवान लोके मनासंगे अहिराणीच बोलतस. आखाडामा दुसरी भाषा शेच कोठे?"

शेठ वही चाळत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला, ते मी पाहिलं. दोन पानं त्यांनी पुन्हा उलटून वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडे वळले.

"हे सगळं यानंच लिहिलंय? मला तर वाटत होतं, तुम्ही लिहिता."

पुनानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. आता खरं सांगितलं जाणार, एवढी खात्री होती.

मी म्हणालो, "माहिती त्याची असते. लेखनाचे संस्कार आम्ही करतो."

 पुनानं टेबलावरून वही उचलली, "येतो" म्हणाला आणि निघून गेला.

नोकरी हर्षद गंधे नावाच्या नाशिकच्या तरुणाला मिळाली. माणूस चांगला होता, इंग्रजी उत्तम, क्रिकेट तोंडपाठ. पण त्याला कुस्तीतलं काही कळत नव्हतं आणि ते तो प्रामाणिकपणे कबूल करायचा. पहिल्याच आठवड्यात तो पुनाकडे गेला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"आता सांगण्यासारखं काही नाही भाऊ," पुना म्हणाला. एवढंच.

त्यानंतर खिळ्यांचं काम बंद झालं. कंपोझिटरांपैकी दोघांना कॉम्प्युटरवर बसवलं, बाकीच्यांना पार्सल विभागात जागा देऊ केली. पुनानं जागा घेतली नाही. निरोपाचा चहा ठेवला होता, त्या दिवशी तो आलाच नाही. 'आखाड्यातून' कुठे गेलं, अशी कार्डं वर्षभर येत राहिली. एकदा मी स्वतः पारोळ्याच्या दंगलीला गेलो आणि सदर लिहून पाहिलं. वाक्यं शुद्ध होती. छापून आल्यावर ते मलाच वाचवलं नाही.

१९९६ साली नाना निवृत्त झाले आणि मी संपादक झालो. खुर्चीवर बसल्यावर मी पहिलं काम कोणतं केलं असेल तर धुळ्याची एसटी पकडली. पुना धुळ्याला परतला होता; तिथं एका गल्लीत, पायानं चालवायच्या जुन्या मशीनवर लग्नपत्रिका छापत होता. मला पाहून त्यानं हात पुसले.

"या भाऊ." आणि आत वळून म्हणाला, "चहा ठेव वं, जळगावचे साहेब आले."

मंजुळाबाईनं चहा आणला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण कप नीट हातात दिला.

मी म्हटलं, "पुनाभाऊ, सदर पुन्हा सुरू करू. तुमच्या नावानं. तुमच्याच भाषेत, एक शब्द न बदलता. आता मला कुणाला विचारायचं नाही."

त्यानं छापलेल्या पत्रिकांची चळत सारखी केली.

"डोळे गेले भाऊ. बारीक दिसत नाही. आणि गावोगाव आता टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा होतात. दंगल वर्षात एखादी." मग त्यानं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "त्या दिवशी तुम्ही असं का बोलले?"

त्याच्यापुढे काय बोलायचं ते वाटेत मी बरंच जुळवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवलं.

"लोक मला मानत होते," मी म्हटलं. "ते जाईल म्हणून घाबरलो."

त्यानं मान हलवली. "कधीमधी मलाबी तसंच वाटायचं. पण मी मनाला समजावत होतो, मुलाखतीआधीच शेठनं दाब दिला असेल. मंजुळाला मी तसंच सांगितलं इतकी वर्षं."

मंजुळाबाई दारात उभी होती. ती आत निघून गेली. माझ्या बोलण्यानं मी त्या घरातली एक समजूत मोडली, हे मला तेव्हा कळलं. खरं बोलायलाही मी चुकीची वेळ धरली होती.

त्यानं मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं. गुडघ्यामुळे तो आता चांगलाच लंगडत होता. रिक्षा थांबवून दिली. "सांभाळून जा," म्हणाला. पुन्हा या, असं म्हणाला नाही आणि मीही पुन्हा गेलो नाही. जायला हवं होतं. जळगाव-धुळे काही लांब नाही.

१९९९ साली दिवाळीनंतर आमच्या धुळ्याच्या वार्ताहरानं दुसऱ्याच एका बातमीसाठी फोन केला आणि बोलता बोलता सांगितलं, की लग्नपत्रिका छापणारे पुना कोळी गेले, महिना होऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पानावर सही करून लिहिलं. 'आखाड्यातून'चं सगळं लेखन त्यांचं होतं, धुळ्यातला तो सत्कार त्यांचा होता, आणि मुलाखतीच्या दिवशी मी खोटं बोललो, असं सगळं लिहिलं.

वाटलं होतं, लोक संतापतील, जाब विचारतील. तीन पत्रं आली. दोघांनी माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं होतं. तिसरं चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या वस्तादाचं होतं. त्यात एकच ओळ होती: "आम्हांला माहीत होतं, तुम्ही कधी आखाड्यात दिसला नाहीत."