परुळेकर सरांचे साधक

परुळेकर सर समोर आलेल्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारत. "बाळा, आज काय शिकलास?" आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला वाटावं, जगात अजून माया शिल्लक आहे. मूल खुलून उत्तर द्यायचं आणि सर त्याचे पैसे कापायचे.

मी वाढवून सांगत नाही. अंधेरीच्या आमच्या विद्यापीठात मी ग्रंथपाल आणि सर विद्यार्थी कल्याण विभागाचे प्रमुख. पदवीला शिकणारी, घरची परिस्थिती बेताची असलेली मुलं तास संपले की आमच्याकडेच कामं करायची. कुणी ग्रंथालयात, कुणी प्रयोगशाळेत, कुणी सभागृहात खुर्च्या मांडायला. हिशेब तासाप्रमाणे, पैसे सहा महिन्यांनी एकदम मिळायचे. 'कमवा आणि शिका' ही आपल्याकडची जुनी आणि चांगली योजना आहे. आमच्याकडे तिला परुळेकर सर लाभले.

सरांनी या मुलांचे तीन वर्ग पाडले होते. श्रमिक, सहायक आणि साधक. खुर्च्या उचलणारा तो श्रमिक, त्याला पूर्ण पैसे. काम करता करता थोडंफार शिकणारा तो सहायक, त्याला निम्मे. आणि ज्याला कामातून ज्ञान मिळतं तो साधक. त्याला वर्षाच्या शेवटी फक्त प्रमाणपत्र. कोण कुठल्या वर्गात बसतो हे ठरवण्यासाठी सर तो प्रश्न विचारत फिरायचे. उत्तर जितकं चांगलं तितका मुलगा वरच्या वर्गात आणि तितका त्याचा खिसा रिकामा.

"जिथे ज्ञान मिळतं तिथे हात पसरायचा नसतो, मॅडम," सर मला सांगायचे. "पैसा पुढच्या दाराने आला की विद्या मागच्या दाराने जाते."

"मग तुमचा पगार कुठल्या दाराने येतो, सर?" मी एकदा विचारलं.

सर हसले. त्यांना राग यायचा नाही, हा त्यांचा सगळ्यात चीड आणणारा गुण होता. "तुमचा स्वभाव विनोदी आहे," म्हणाले आणि माझ्या टेबलावरचं पेन खिशाला लावून गेले. या योजनेचे ते मानद संचालक होते, आणि त्या मानदपणाचं मानधन दर महिन्याला न चुकता घेत. त्या हिशेबाने ते स्वतः कुठल्या वर्गात बसतात हे त्यांना विचारण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती.

स्वतः गरिबीतून वर आल्याचं ते उठता बसता सांगायचे. "मी पहाटे पेपर टाकून शिकलो, बाळांनो. कष्टाची लाज वाटली नाही." खरं होतं ते. फक्त त्या पेपरवाल्याने त्यांना दर महिन्याला पगार दिला होता, एवढा भाग ते वगळायचे. तो पेपरवाला त्यांच्यासारखा निघाला असता तर सरांचं शिक्षण दहावीतच आटपलं असतं, आणि आमची सुटका झाली असती.

एकदा सरांनी 'श्रमसंस्कार शिबिर' काढलं. कुठे, तर मनोरीला, जिथे सरांनी समुद्राजवळ छोटंसं घर घेतलं होतं. मुलं मार्व्याहून बोटीने गेली, बोटीचं तिकीट आपापलं. दोन दिवस त्यांनी सरांच्या कुंपणाला चुना लावला, विहिरीतला गाळ काढला, आवारातलं गवत उपटलं. परतल्यावर सरांनी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, "काय काय शिकलात?" बिचारी पोरं भरभरून बोलली. सगळी साधक ठरली. घराला मात्र चांगला उठाव आला, असं जाऊन आलेले सांगत.

पोरंही मुंबईची. हळूहळू शहाणी झाली. नवीन आलेल्याला जुनी मुलं कानमंत्र द्यायची. सभागृहात खुर्च्या लावणारा रोहन तर माझ्यासमोरच एकाला सांगत होता, "सरांनी विचारलं ना, तर बोलायचं काही नाही शिकलो. डायरेक्ट. जरा पण शिकलास तर वाट लागली, समजलं?" विद्येच्या दारात उभं राहून मुलं आपण काही शिकत नसल्याची शपथ घेत होती, आणि ज्याला ती नीट घेता येईल त्यालाच पैसे मिळत होते. ही परुळेकर सरांची शिक्षणक्षेत्राला देणगी.

अस्मिता गायकवाडला तो मंत्र कुणी दिला नव्हता, माझ्याकडूनही राहून गेला. वाकोल्याची मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, रसायनशास्त्र घेतलेलं. वडील टेम्पो चालवायचे. आधी ती मॉलमधल्या एका कपड्यांच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत उभी असायची आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला डुलक्या घ्यायची. मीच तिला म्हटलं, दुकान सोड, ग्रंथालयात ये, तास संपले की इथेच काम कर. तिच्या वडिलांनी कबूल केलं, पण एका अटीवर. सहा महिन्यांचे पैसे आले तर त्यातून तिसऱ्या वर्षाची फी भरायची. नाही आले तर पुन्हा दुकान. आणि दुकान धरलं की प्रॅक्टिकल सुटलं, प्रॅक्टिकल सुटलं की सायन्स सुटलं. ते काही घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन होत नाही.

पोरगी कामाला वाघ होती. दुसऱ्याच आठवड्यात सर ग्रंथालयात आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळा, काय शिकलीस?"

मी खुणावणार इतक्यात तिने सुरुवात केली. पुस्तकं विषयवार कशी लावतात, एखादं पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवल्यातच कसं जमा होतं, जुन्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काय करायचं, त्यात कुठलं रसायन वापरतात आणि ते तसं का काम करतं. डोळे नुसते चमकत होते. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत मॅडम? ही खरी साधक."

तिला वाटलं आपल्याला बढती मिळाली. तिथल्या तिथे आईला फोन लावला. "आई, सरांनी मला सगळ्यात वरच्या वर्गात घातलं." मी सरांच्या मागे धावत गेले, जिन्यात त्यांना गाठून सांगितलं की या मुलीची फी यावर आहे. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिचं मोल पैशात करता, मी करत नाही." त्या क्षणी मला त्या माणसाची जी किळस आली ती पुढे कधी कमी झाली नाही.

सहा महिने संपले. श्रमिकांच्या खात्यात पैसे जमा झाले, अस्मिताच्या खात्यात काही आलं नाही. ती सरांच्या केबिनमध्ये गेली, मीही बरोबर गेले.

"सर, मी रोज चार तास काम केलंय. काउंटर मीच सांभाळते."

"बाळा, ते काम नव्हतं. ती साधना होती."

"पण सर, मला फी भरायचीय."

"फी कुठे पळून जातेय? अगं, विद्या मिळाली ना तुला? ती कुणी चोरू शकतं का?"

"विद्या नाही चोरली कुणी, सर," अस्मिता म्हणाली, "पैसेच गेले." सरांनी घंटी वाजवून चहा मागवला. एकच कप.

मी वर अर्ज केला, आठवण करून दिली, पुन्हा अर्ज केला. सगळे अर्ज 'संबंधितांकडे' म्हणून फिरून सरांच्याच टेबलावर येत होते. तिच्या वडिलांनी दुकानवाल्याशी बोलणं करून ठेवलं. फी भरायला थोडेच दिवस राहिले, आणि त्यातच मूल्यांकन समिती आली. ही समिती बाहेरून येते, सगळं बघते आणि विद्यापीठाला दर्जा देते. सरांनी मोठ्या हौसेने आपल्या योजनेची मुलं समितीसमोर ओळीने बसवली आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहिले.

समितीच्या अध्यक्ष बाईंनी रोहनला विचारलं, "काय रे, या योजनेतून काय शिकलास?"

रोहनने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या सरांकडे. "काही नाही मॅडम."

"काहीच नाही?"

"आईशप्पथ मॅडम, काहीच नाही."

दुसरा म्हणाला, काही नाही. तिसरी म्हणाली, मी तर अजिबात नाही. सर मागून "अरे, सांगा ना बाळांनो, घाबरू नका" म्हणत होते, आणि ते जितकं म्हणत तितकी मुलं अधिक निक्षून नाही म्हणत होती. सरांच्या कपाळावर घाम आलेला मी पहिल्यांदा पाहिला. खोटं कशाला सांगू, डोळे भरून पाहिला.

शेवटी अस्मिताची पाळी आली. "मी खूप शिकले, मॅडम," ती म्हणाली. "म्हणून मला पैसे नाही मिळाले."

बाईंना आधी काही कळेना. मग अस्मिताने शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. श्रमिक कोण, सहायक कोण, साधक कोण. बाईंनी लिहून घेतलं आणि चष्मा काढून सरांकडे नुसतं पाहिलं. त्याच संध्याकाळी वरून हुकूम निघाला की साधकांचे सगळे पैसे आठवड्याच्या आत द्या.

दुसरा कुणी असता तर गुपचूप खात्यात पैसे टाकून मोकळा झाला असता. परुळेकर सरांनी समारंभ ठेवला. 'साधक गुणगौरव सोहळा'. मुलांच्या घामाचे पैसे पाकिटात घालून, बक्षीस म्हणून, व्यासपीठावर सरांच्या हस्ते. मागे फलक, पुढे समई, सरांच्या गळ्यात हार. प्रत्येक मुलाने यायचं, वाकून नमस्कार करायचा, पाकीट घ्यायचं, फोटोसाठी थांबायचं. माइकवर सर सांगत होते, "ही आमची कौतुकाची थाप!"

सगळ्यात शेवटी अस्मिताचं नाव पुकारलं. ती वर गेली, वाकली नाही. पाकीट घेतलं, तिथेच फोडलं आणि फोटोग्राफर "इकडे बघा" म्हणत असताना नोटा मोजायला लागली. सावकाश, अंगठा ओला करून, तिची आई मोजत असेल तशी.

"सर," ती म्हणाली. माइक चालूच होता. "अडीचशे कमी आहेत."

"अगं, ते... ते समारंभाचे. हार, नारळ, अल्पोपाहार. सगळ्यांकडून सारखेच घेतलेत, बाळा."

"हार तुम्हाला घातलाय, सर."

खाली कुणीतरी शिट्टी वाजवली. मग बसल्या जागी एकेक पाकीट फाटायला लागलं आणि सगळी साधक मंडळी मान खाली घालून आपापल्या नोटा मोजू लागली. पुढच्या रांगेतल्या विश्वस्तांनी मान तिसरीकडेच वळवली. सरांनी हार बाजूला करून आतल्या खिशातलं पाकीट काढलं आणि अडीचशे रुपये अस्मिताच्या हातावर ठेवले. तिने तेही मोजले. मग रांग लागली. सर देत होते, मुलं मोजत होती. अस्मिताने दुसऱ्या दिवशी सकाळी फी भरली.

वर्षअखेरीस सर आमच्याकडून गेले. बोरिवलीकडच्या एका संस्थेत सल्लागार झालेत म्हणे. कसला सल्ला देत असतील ते तिथल्या मुलांचं नशीब. जाताना पुस्तकं देणं नाही अशी ग्रंथालयाची सही लागते, म्हणून शेवटच्या दिवशी माझ्याकडे आले. मला वाटलं, निदान दोन शब्द बोलतील. त्या मुलीचं नाव काढतील.

"मॅडम," सर खाली वाकून हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी खिशातून दिले ना, त्याची पोरांकडून पावती घेतली का कुणी? हिशेबात दाखवता आले असते."

मी सही केली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. "या आता," म्हटलं. कुणालाही निरोप द्यायला मी दारापर्यंत जाते. त्या दिवशी मी खिडकी उघडली आणि पंखा मोठा केला.