वन्संनी बसवलेले ब्रेक

घरात आमच्या वन्संच्या हातात कप टिकत नाही. कान तुटलेले कप आम्ही पेन ठेवायला वापरतो आणि आता पेनं कमी पडतात. पण त्याच हातांनी त्या बारा वर्षं गॅरेजात ब्रेक दुरुस्त करताहेत आणि एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही. गाड्या मात्र सगळ्या साध्या. वेगवान गाड्यांचं काम आतल्या खोलीत चाले आणि तिथे मुख्य कारागीर, म्हणजे उस्ताद, त्यांना पाना पुसायलाही बोलावत नसत.

मग एक लाल गाडी आली. मालकाने इंजिनाची ताकद वाढवून घेतली होती, ब्रेक जुनेच. सरावाच्या ट्रॅकवर चौथ्या फेरीला ते तापून नांगी टाकत. आता चाकाबरोबर फिरणाऱ्या मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे सहा पिस्टनचे कॅलिपर बसवायचे होते, आणि उस्तादांचं मनगट नेमकं प्लास्टरमध्ये.

“संध्याकाळी मालकासमोर चाचणी,” ते नाइलाजाने म्हणाले. “जमलं तर आतली खोली तुझी. नाही तर तुझ्या छोट्या गाड्या आहेतच.”

दुपारपर्यंत वन्संनी सगळं बसवलं. पण पेडल दाबलं की पाय थेट तळाला. पाइपात हवा राहिली की असं होतं. त्यांनी चार वेळा हवा काढली, दोन डबे ब्रेक ऑइल संपवलं. पेडल ढिम्म सुधारेना.

“ब्रेक बसवलेस की उशी?” उस्ताद म्हणाले. “दे इकडे, डोकं टेकतो.”

जेवायला आल्या त्या चेहरा पाडूनच. मी सासूबाईंच्या कंबरेसाठी गरम पाण्याची पिशवी भरत होते.

“वहिनी, पिशवीचं तोंड वर धर. हवा वरूनच निघते,” त्या म्हणाल्या, आणि घास हातातच राहिला.

“काय झालं?”

“डावा कॅलिपर उजवीकडे लावलाय मी. दोन्ही सारखेच दिसतात मेले. हवा सोडायचा स्क्रू खाली गेला गं. हवा वर ऐटीत बसलीय आणि मी तिला खालून हाका मारतेय.”

“ताट तरी उचल,” सासूबाई आतून म्हणाल्या. तोवर दार आपटलं होतं.

संध्याकाळी मी त्यांचं राहिलेलं जेवण डब्यात घालून नेलं. कॅलिपर अदलाबदल करून झाले होते. आपली चूक त्यांनी मालकासमोरच सांगून टाकली. मालक घड्याळ बघत होता.

“मग मारा की जोरात ब्रेक.”

“आत्ता नाही. कॅलिपरमधले नवे पॅड आधी डिस्कशी घासून जुळू देत. नुसता वेग कमी करायचा, थांबायचं नाही.”

वन्संनी अशा दहा फेऱ्या मारल्या, मग ब्रेक गार होऊ दिले. त्यानंतर खरी चाचणी: जोरात यायचं आणि रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या रेघेवर थांबायचं. चौथ्यांदा गाडी पांढऱ्या रेघेवर थांबली तेव्हा मालकाने घड्याळ बघायचं सोडलं. दहाव्यांदाही तीच रेघ, सरळ, जरा डावीकडे नाही की उजवीकडे नाही.

“माझ्या भावाची गाडी पुढच्या आठवड्यात आणतो,” तो वन्संना म्हणाला. उस्तादांना नव्हे.

उस्तादांनी आत बसून स्वतःच्या पायाने पेडल दाबलं. ते बोटभर गेलं आणि दगडासारखं अडलं.

“ही चूक मीही केली होती एकदा,” ते उतरता उतरता म्हणाले. “मला कळायला दोन दिवस लागले.” आणि डाव्या हाताने आतल्या खोलीची किल्ली पुढे केली.

वन्संनी ती घेतली. “डोकं टेकायचं होतं ना, उस्ताद?”

मग गाडीच्या बॉनेटला टेकून त्यांनी अख्खा डबा संपवला.